थोरली पाती आणि धाकटी पाती

चांगल्या हत्याराला किती मोल द्यावें, हा प्रश्न ज्यांचें पोट हत्यारावर अवलंबून आहे त्यांस जितका अवघड जातो, तितकाच तो ज्यांच्या हातांत उभ्या जन्मांत खडूखेरीज दुसरें हत्यार आलें नाहीं अशा आमच्यासारख्यांस सोपा वाटतो. सुतारानें पटाशी कोणती घ्यावी, वैद्यानें खल कसला वापरावा, गवयानें तंबोरा मिरजेचाच कां आणावा, यांवर निःशंक मत देणारे गृहस्थ प्रत्येक वाचनालयाच्या ओट्यावर सांपडतात. आणि तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविल्यामुळें कोणत्याहि विषयावर निकाल देण्याची आम्हांस एक प्रकारची सनदच मिळाली आहे, असें आमच्या नातलगांस वाटतें. नाहीं तर छायाचित्रणाचा गंध नसलेल्या मनुष्याकडे दोन कॅमेऱ्यांचा न्यायनिवाडा करावयास कोण येतें ?

प्रकरण असें. नाशकास आमची धाकटी बहीण असते. तिचे यजमान तेथील एका कचेरींतून अलीकडेच निवृत्त झाले. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, वाणिज्य शाखेचा पदवीधर असून तीन वर्षें एका लग्नाच्या छायाचित्रकाराचा मदतनीस म्हणून मांडवोमांडवीं हिंडला, आणि आतां स्वतःच्या नांवानें धंदा करावयाचें त्याच्या मनानें घेतलें आहे. त्याजपाशीं निकॉन कंपनीचा झेड ५० नांवाचा लहान कॅमेरा आहे. तो त्यानें स्वकष्टाच्या पैशांनीं घेतला. त्यास हवा आहे त्याच कंपनीचा झेड ९. पहिला २०१९ सालीं बाजारांत आला तेव्हां त्याची किंमत आपल्याकडे पाऊण लाखाच्या आंतबाहेर होती. दुसरा २०२१ च्या अखेरीस आला तो पावणेपांच लाखांच्या घरांत. हे पावणेपांच लाख यावयाचे कोठून, तर वडिलांच्या निर्वाहनिधींतून. आणि त्या निधीवर बहिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया व घराचें गळकें छप्पर अशा दोन जुन्या मागण्यांचा हक्क आधींपासून बसलेला. बहिणीनें एके रात्रीं फोन केला. म्हणाली, "दादा, तूंच काय तें सांग. हे एक बोलतात, तो एक बोलतो, आणि मला दोघांचीं पानें वेगवेगळ्या वेळीं वाढावीं लागतात."

नाशकास कॅमेऱ्याचा वाद निघावा आणि दादासाहेब फाळक्यांचें नांव निघूं नये हें शक्यच नाहीं. त्र्यंबकेश्वरास जन्मलेल्या या पुरुषानें १९१२ सालीं आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून विलायत गाठली, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणविला, आणि वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडथोड्या वेळानें टिपून एक लहानसा चित्रपट करून दाखविला, हा इतिहास आमच्या भाच्यास तोंडपाठ आहे. "फाळके भीत बसले असते तर ?" असें त्यानें विचारतांच आमचे मेहुणे, जे एरवीं फारसें बोलत नाहींत, म्हणाले, "फाळक्यांनीं स्वतःच्या पॉलिसी गहाण टाकल्या, बापाच्या नव्हेत." या उत्तरानंतर त्या घरांत दोन दिवस अबोला होता असें कळतें.

नाताळच्या सुट्टींत आम्ही नाशकास गेलों. भाच्यानें आमच्यासाठीं झेड ९ तीन दिवस भाड्यानें आणून ठेवला होता, दिवसास तीन हजार रुपये दरानें. "मामा, तुम्ही आधीं स्वतः पाहा, मग काय तें बोला," एवढेंच तो म्हणाला. आणि ही अट वाजवी असल्यामुळें आम्हीं ती मान्य केली.

माळव्यांत देवासच्या पवारांच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा एकाच गांवांत राहून राज्य करीत असत, हें इतिहासप्रेमी वाचकांस ठाऊक आहेच. या दोन कॅमेऱ्यांसहि आम्हीं तींच नांवें देऊन टाकलीं. कारण घराणें एक, मोहोर एक, आणि मुख्य गोष्ट ही कीं लेन्स बसविण्याचें तोंड एक. ५५ मिलिमीटर व्यासाचें हें तोंड दोघांसहि सारखेंच असल्यामुळें थोरल्याची लेन्स धाकट्यास चालते व धाकट्याची थोरल्यास. देवासच्या दोन पात्यांत इतका सलोखा होता किंवा कसें, याची चौकशी करण्याचें हें स्थळ नव्हे.

दोन्ही कॅमेरे बिनआरशाचे आहेत. याचा अर्थ कळण्यास आरशाचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. १९३६ सालीं जर्मनींत किने एक्झॅक्टा नांवाचा कॅमेरा निघाला. पण या जातीचा खरा दरारा बसला तो १९५९ सालीं निकॉन एफ आल्यावर. या कॅमेऱ्यांच्या पोटांत लेन्सच्या मागें पंचेचाळीस अंशांत कललेला एक आरसा असे. लेन्समधून आलेलें दृश्य तो वर फेंकी, आणि माथ्यावरच्या पैलूदार कांचेंतून सरळ होऊन तें डोळ्यास दिसे. कळ दाबली कीं आरसा उचलला जाई, मागील फिल्मवर प्रकाश पडे, आणि आरसा पुन्हां जागीं येई. यांत एक चमत्कार असा कीं, ज्या क्षणाचें चित्र घेतलें जाई नेमका तोच क्षण घेणाऱ्यास दिसत नसे. आरसा वर गेला कीं खिडकींत अंधार. क्षणापूर्वींचें दिसलें, क्षणानंतरचें दिसलें. मधला जो कायमचा राहिला तो मात्र पाहणाराच्या दृष्टीस कधीं पडलाच नाहीं. अर्धशतकाहून अधिक काळ असंख्य विवाह, युद्धें व क्रिकेटचे झेल या एका निमिषाच्या आंधळेपणांतून टिपले गेले, आणि त्याचें कोणास फारसें वैषम्य वाटल्याचें दिसत नाहीं.

२००८ सालीं पॅनासॉनिकनें जी १ नांवाचा कॅमेरा काढला व त्यांतून हा आरसा हद्दपार केला. निकॉननें झेड मालिका २०१८ सालीं सुरू केली. आरसा गेल्यामुळें लेन्सचें तोंड व मागील पट यांमधील अंतर, जें निकॉन एफमध्यें ४६.५ मिलिमीटर होतें, तें झेडमध्यें १६ वर आलें. आतां खिडकीला डोळा लावला असतां जें दिसतें तें प्रत्यक्ष दृश्य नव्हे, तर सेन्सरनें पाहिलेलें व एका चिमुकल्या पडद्यावर उमटविलेलें चित्र होय. चित्र काढण्यापूर्वींच चित्र दिसतें. प्लेटोला गुहेंतील सांवल्यांवर एवढें लिहावें लागलें. त्यास ही खिडकी दाखविली असती तर त्यानें आणखी एक संवाद रचला असता. परंतु हें थोरल्या व धाकट्या दोघांसहि सारखेंच लागू आहे. तेव्हां दोघांमध्यें भेद कोठें आहे तें पाहूं.

पहिला भेद हातांस कळतो. थोरल्याचें वजन बॅटरी व कार्ड धरून १३४० ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें दीड शेराला थोडें कमी. धाकट्याचें ४५०, आणि त्याची नेहमींची लेन्स १३५ ग्रॅमांची. बहिणीच्या स्वयंपाकघरांतील काट्यावर आम्हीं हें पडताळून घेतलें. थोरल्याचा सेन्सर ३५.९ बाय २३.९ मिलिमीटर, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, धाकट्याचा २३.५ बाय १५.७. क्षेत्रफळांत सव्वादोन पटींहून थोडें अधिक अंतर पडतें. थोरल्याच्या चित्रांत ४ कोटी ५७ लाख बिंदु, धाकट्याच्या २ कोटी ९ लाख. हे आंकडे दुकानदार मोठ्या आवाजांत सांगतात, आणि ते खोटे नाहींत. परंतु धाकट्याच्या चित्राची लांबी ५५६८ बिंदूंची आहे. इंचास तीनशें बिंदु हें छपाईचें उत्तम मान धरलें तरी अठरा इंच लांब व बारा इंच रुंद चित्र त्यांतून सुखेनैव निघतें. मध्यमवर्गीयाच्या दिवाणखान्यांत याहून मोठें चित्र लावावयास भिंत शिल्लक असते काय ?

दुसरा भेद कानांस कळतो, आणि तो मौजेचा आहे. थोरल्यांत यांत्रिक शटर मुळींच नाहीं. सेन्सरच्या पाठीशीं स्मरणाचा एक थर बसविलेला असल्यामुळें सबंध चित्र तो इतक्या त्वरेनें वाचून घेतो कीं, पडदा उघडण्यामिटण्याची गरजच उरत नाहीं. ज्यास कळ दाबल्यावर आवाज ऐकूं यावा असें वाटत असेल त्याच्यासाठीं एका लहानशा कर्ण्यांतून पडद्याचा खोटा आवाज काढण्याची सोय ठेविली आहे. नोकरास निवृत्त करून त्याच्या चपलांचा आवाज तेवढा कामावर ठेवावा, तशांतलाच हा प्रकार ! धाकट्यांत खरें शटर आहे. तें बंद करून निःशब्द चित्र घेतां येतें, पण तसें घेतल्यास सेन्सर ओळीमागून ओळ सावकाश वाचतो. भाच्यानें माजघरांतील फिरत्या पंख्याचें चित्र दोहोंनीं घेऊन दाखविलें. थोरल्याच्या चित्रांत पंख्याचीं पातीं सरळ होतीं. धाकट्याच्या चित्रांत तीं विळ्यासारखीं वांकलीं होतीं. मेहुणे चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले व म्हणाले, "लग्नांत पंख्याचे फोटो कोण काढतो ?"

तिसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही नांदूर मध्यमेश्वरास गेलों. निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाशीं बंधारा घालून जें उथळ पाणी सांठलें, त्यावर हिंवाळ्यांत दूरदेशींचे पक्षी उतरतात. महाराष्ट्रांतून रामसर यादींत गेलेलें हें पहिलें पाणथळ. लग्नाच्या छायाचित्रकारास पक्ष्यांशीं काय कर्तव्य, असें वाचक विचारतील. आम्हींहि विचारलें. भाच्याचें उत्तर असें कीं, कॅमेऱ्याची खरी परीक्षा उडत्या पक्ष्यावर होते. जो सुरय पक्ष्यास धरील तो मंडपांत पळणाऱ्या करवलीस सहज धरील. त्यानें एका मित्राची १८० ते ६०० मिलिमीटरची लांब लेन्स मागून आणली होती, आणि तोंड एकच असल्यामुळें ती दोन्ही कॅमेऱ्यांवर आळीपाळीनें चढवितां येत होती. परीक्षा यापेक्षां निष्पक्षपाती कोणती असणार ?

थंडी कडाक्याची होती. धुकें पाण्यावरून उठत होतें, आणि त्यांत शेकाटे आपल्या लांब तांबड्या पायांवर, धोतर वर धरून चालणाऱ्या भिक्षुकांप्रमाणें, जपून पावलें टाकीत होते. बसलेल्या पक्ष्यांचीं चित्रें आधीं घेतलीं. घरीं येऊन मोठ्या पडद्यावर जोडीजोडीनें लावून पाहिलीं, तेव्हां कोणतें थोरल्याचें व कोणतें धाकट्याचें हें आम्हांस तर नाहींच, पण भाच्यासहि नांव वाचल्याखेरीज सांगतां येईना. याचें कारण त्यानेंच गणित करून दाखविलें, आणि तें ऐकून आम्हांस त्याच्याविषयीं आदर वाटला. पक्षी दूर असला म्हणजे सेन्सर कितीहि मोठा असो, पक्ष्याची प्रतिमा त्याच्या मधल्या लहानशा तुकड्यावरच पडणार. आणि एका चौरस मिलिमीटरांत थोरल्याचे बिंदु त्रेपन्न हजारांच्या आसपास, तर धाकट्याचे छप्पन्न हजारांच्या आसपास बसतात. म्हणजे दूरच्या पक्ष्यास दोघेहि सारख्याच बारकाईनें पाहतात. थोरल्याच्या पदरीं पडतें तें भोंवतालचें पाणी अधिक.

उडत्या पक्ष्याची गोष्ट निराळी. काळ्यापांढऱ्या पिसांचा एक खंड्या पाण्यावर एकाच जागीं पंख फडफडवीत थांबला होता व मधूनच दगडासारखा खालीं पडत होता. थोरल्यास पक्ष्याचा डोळा ओळखतां येतो. त्यानें तो डोळा एकदां धरला तो अखेरपर्यंत सोडला नाहीं, आणि सेकंदास वीस चित्रें या वेगानें सबंध झेंप टिपली. धाकटा माणसाचा डोळा ओळखतो, कुत्र्यामांजराचाहि ओळखतो, पण पक्ष्याच्या डोळ्याची त्यास ओळख नाहीं. सेकंदास अकरा चित्रें घेतो तीं बरींचशीं मागच्या लव्हाळ्याचीं निघालीं. येथें थोरली पाती निर्विवाद जिंकली. मात्र हेंहि नमूद केलें पाहिजे कीं, २०२४ सालीं धाकट्याची जी दुसरी आवृत्ति निघाली तींत थोरल्याच्याच पिढीचें गणितयंत्र बसविलें असून तिला पक्षीहि ओळखतां येतात. थोरल्या पातीचा आजचा अधिकार धाकट्या पातीस तीन वर्षांनीं मिळतो, आणि तीन वर्षें थांबण्याची किंमत कांहीं लाख रुपये पडते. धीर धरण्याचा एवढा चढा भाव दुसऱ्या कोणत्या बाजारांत मिळत असेल असें वाटत नाहीं. शिवाय त्या सकाळीं थोरल्यानें दोन तासांत अडीच हजारांहून अधिक चित्रें घेतलीं होतीं. तीं निवडतां निवडतां भाच्यास रात्रीचे दोन वाजले.

त्याच दिवशीं संध्याकाळीं जी परीक्षा झाली ती आम्हांस पक्ष्यांहून महत्त्वाची वाटते. आमच्या मातुःश्री हिंवाळ्यांत लेकीकडे असतात. वय चौऱ्यायशीं. दिवेलागणीस त्या देवापाशीं बसल्या असतां भाच्यानें विजेचे दिवे मालवले व केवळ समईच्या उजेडांत दोन्ही कॅमेऱ्यांनीं त्यांचीं चित्रें घेतलीं. "अरे, वीज गेली कां ?" असें त्यांनीं दोनदां विचारलें. धाकट्याच्या नेहमींच्या लेन्सचें छिद्र लांब टोकाशीं एफ ६.३ च्या पुढें उघडत नाहीं. त्या चित्रांत मातुःश्रींच्या चेहऱ्यावर वाळू फेंकल्यासारखें दिसत होतें. थोरल्यावर ४० मिलिमीटरची एफ २ ची लेन्स होती. तींतून निघालेलें चित्र स्वच्छ, उबदार, नाकांतील मोरणीचा खडा वेगळा दिसावा असें. भाचा आमच्याकडे विजयी मुद्रेनें पाहूं लागला.

परंतु इंग्रजी शिकविणारा झाला तरी त्यास त्रैराशिक येतें. आम्हीं तीच १७० ग्रॅमांची लेन्स धाकट्यावर चढवावयास सांगितली. एफचा आंकडा जितका लहान तितकें छिद्र मोठें, आणि प्रकाश वाढतो तो त्या प्रमाणाच्या वर्गानें, एफ ६.३ वरून एफ २ वर आलों कीं प्रकाश जवळजवळ दहापट होतो. सेन्सर मोठा असल्याचा लाभ सव्वादोन पट. लेन्स बदलल्याचा दहापट. नवें चित्र निघालें तें थोरल्याच्या चित्राशेजारीं ठेवून पाहिलें. फरक होता, नाहीं असें नव्हे; सांवलीच्या भागांत थोरल्याचा काळा रंग अधिक गाढ व शांत होता. थोरल्याचा सेन्सर हाताचा कंप ओळखून स्वतः हलतो व तो कंप मारतो, ही सोय धाकट्यांत नाहीं, आणि एफ २ च्या त्या लेन्समध्येंहि नाहीं, हेंहि खरें. तथापि कंप घेणाऱ्याच्या हाताचा असला तर ही सोय उपयोगी. नवरदेवच हालत असेल तर ती काय करणार? दोन्ही चित्रें बारा बाय अठरा इंचांवर छापून आणलीं व मागें खूण करून घरांतील सर्वांस दाखविलीं. पांचांपैकीं तिघांनीं धाकट्याचें चित्र थोरल्याचें म्हणून सांगितलें.

मातुःश्रींनीं दोन्ही चित्रें हातांत घेऊन पाहिलीं व कपाटांतील जुना आल्बम मागितला. त्यांत वडिलांनीं १९७४ सालीं आगफा क्लिक थ्री या साध्या डब्यानें गंगाघाटावर घेतलेलें त्यांचें चित्र आहे. एका रिळावर बारा चौकोनी चित्रें येत, त्यांतलें एक. कडा पुसट झाल्या आहेत, मागील देऊळ कललें आहे. "ह्यांत मी हंसतें आहें," त्या म्हणाल्या, "तुम्हीं मला नुसतें बसवून ठेवलेंत." भाचा गप्प बसला. त्या रात्रीं त्यानें आजीशीं पुष्कळ वेळ गप्पा मारल्या असें बहिणीनें सांगितलें; कॅमेरा बरोबर होता किंवा नाहीं तें आम्हीं विचारलें नाहीं.

येथवर वाचून आम्ही धाकट्या पातीचे वकील आहों असें कोणास वाटेल. तसें नाहीं, आणि त्याचें कारण आमच्या घरच्या एका दुःखांत आहे. २०१९ च्या वैशाखांत आमच्या मोठ्या मुलीचें लग्न झालें. छायाचित्रकार नांवाजलेला होता, कॅमेराहि बरा होता. पण त्यांत एकच कार्ड बसत असे. लग्नानंतर चौथ्या दिवशीं तो तोंड उतरवून आला. मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंतचीं चित्रें ज्या कार्डावर होतीं तें कोरें निघालें होतें. तज्ज्ञांकडे पाठवून पाहिलें, हातीं कांहीं लागलें नाहीं. पैसे त्यानें परत केले, पण त्याच भाद्रपदांत आमचे वडील वारले. नातीच्या डोक्यावर अक्षता टाकण्यासाठीं ते काठी सोडून, दोघांचा आधार घेऊन, उभे राहिले होते. त्या क्षणाचें आज आमच्यापाशीं एका पाहुण्याच्या फोनमधील एक हललेलें चित्र आहे, त्यांत वडिलांचा हात दिसतो, चेहरा नाहीं.

थोरल्यांत दोन कार्डें बसतात, आणि प्रत्येक चित्र एकाच वेळीं दोहोंवर उतरतें. धाकट्यांत एकच खांचा आहे. आमच्या मतें या दोन यंत्रांतील भेद पक्ष्याच्या डोळ्यांत नाहीं, बिंदूंच्या कोटींत नाहीं. तो या दुसऱ्या खांचेंत आहे. धंदेवाईक मनुष्य पैसे घेतो ते चित्र सुंदर काढण्याबद्दल अर्धे, आणि तें हमखास हातीं देण्याबद्दल अर्धे. हौशी मनुष्याचें चित्र गेलें तर तो हळहळतो व दुसरें काढतो. लग्नाच्या छायाचित्रकारास दुसरें कोठून मिळणार ? हें आम्हीं मेहुण्यांसमोर बोललों तेव्हां त्यांनीं प्रथमच मुलाकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें, असें आम्हांस वाटलें.

मात्र दुसऱ्या खांचेसाठीं पावणेपांच लाख मोजावे लागतातच असें नाहीं. त्याच घराण्यांत २०२० सालीं झेड ६ दोन या नांवाचा मधला भाऊ निघाला. सेन्सर थोरल्याएवढाच मोठा, कार्डें दोन, किंमत थोरल्याच्या निम्म्याहूनहि कमी. भाच्यास हें ठाऊक होतें, पण त्यानें तें आपणहून सांगितलें नव्हतें. विचारल्यावर म्हणाला, "मामा, मांडवांत मुलीचा बाप फोटोकडे मागाहून पाहतो, आधीं कॅमेऱ्याकडे पाहतो. लहान कॅमेरा दिसला कीं विचारतो, मोठे फोटोग्राफर केव्हां येणार ?" यावर हंसावयास आम्ही मोकळे नाहीं. आमच्या नांवापुढील अक्षरें पाहूनच लोक आमचें म्हणणें ऐकून घेतात. तीं काढून टाकलीं तर आमच्या शेक्सपिअरला वर्गांत कोण विचारील, हें सांगणें कठीण आहे. थोरल्याचें मोठें धूड ही त्याची पदवीच म्हणावयाची.

तरी हिशेब हिशेबाच्या जागीं. दिवसास तीन हजार भाडें धरलें तर थोरल्याच्या किंमतींत तो सुमारें एकशें अठ्ठावन दिवस भाड्यानें मिळतो. भाच्यास या वर्षीं स्वतःच्या नांवावर सोळा लग्नें मिळण्याचा संभव. म्हणजे दहा वर्षें. दहा वर्षांत या यंत्राच्या किती आवृत्त्या निघतील ! सबब एफ २ ची लेन्स घ्यावी, धाकटा जवळ असूं द्यावा, आणि लग्नापुरता थोरला भाड्यानें आणावा, असा आमचा निकाल. मेहुण्यांनीं तो तत्काळ मान्य केला. भाच्यानें मान्य केला असें म्हणवत नाहीं, पण मोडलाहि नाहीं.

माघांतील पहिल्याच मोठ्या मुहूर्तास या निकालांतील उणीव त्यानें दाखवून दिली. मुहूर्त सर्वांचा एकच असतो. त्या दिवशीं शहरांतील प्रत्येक छायाचित्रकारास भाड्याचा कॅमेरा हवा होता, आणि आमच्या भाच्याच्या वांट्यास तो आला नाहीं. त्यानें धाकट्यावर काम भागविलें. दर अर्ध्या तासानें कार्ड बदललें, आणि भरलेलीं कार्डें एका डबींत घालून ती डबी मांडवांत सोबत नेलेल्या आपल्या आईच्या पदरास बांधून ठेविली. चित्रें सर्व सुखरूप आलीं. त्यांतलें एक त्यानें आमच्याकडे पाठविलें आहे : वधूची आजी, बोळें तोंड, मोठ्यानें हंसतांना.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेस ज्येष्ठांतील तारीख मिळाली आहे. छप्पर पावसाळ्यापूर्वीं व्हावयाचें आहे. उरलेल्या रकमेंतून मधल्या भावासाठीं दीड लाख रुपये मेहुण्यांनीं मुलास देऊं केले आहेत, मात्र उसने, आणि रीतसर कागदावर लिहून. व्याज किती असावें यावर हल्लीं त्या घरांत वाद चालू आहे, आणि बहिणीचा फोन पुन्हां येऊं लागला आहे.